भरलेली पावती आणि कोरं पावतीपुस्तक: एचटीएमएलच्या स्ट्रिंगमधून कंपोनंट कसा काढायचा

आमच्या टीममध्ये कुणी नवीन आलं की पहिल्या आठवड्यात मी एक ठरलेलं काम देतो. एका जुन्या प्रोजेक्टमधलं फंक्शन उघडायचं. त्यात चाळीसेक ओळींची एक स्ट्रिंग आहे, अधिकच्या चिन्हांनी जोडत जोडत लांबवलेली आणि शेवटी इनरएचटीएमएलला चिकटवलेली. पान चालतं, कार्डं दिसतात. "हेच कार्ड दुसऱ्या पानावर दाखव, जरा लहान, फोटो नको," एवढंच काम. दुपारपर्यंत त्या फंक्शनची कॉपी तयार होते, नावापुढे 'टू' लावून. संध्याकाळी चहाला मी विचारतो, "उद्या दरापुढे 'दरमहा' लिहायचं ठरलं तर किती ठिकाणी हात लावशील?"

हा लेख त्या चहानंतरचा आहे. तुम्हाला साधं एचटीएमएल येतंय, जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन लिहिता येतंय आणि ब्राउझरचा कन्सोल उघडता येतोय, एवढं मी धरून चालतो. फ्रेमवर्क (रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर) शेवटाकडे येतील. नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. एडिटरमध्ये इंग्रजी स्पेलिंग लिहाल तेव्हा कॅपिटल-स्मॉलकडे लक्ष ठेवा, जावास्क्रिप्ट त्या बाबतीत कुणाचीच गय करत नाही.

उदाहरणाला सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या मेसची यादी घेऊ. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलेला मुलगा आधी खोली शोधतो आणि लगेच मेस. त्याला हवं असतं ते थोडकं: मेसचं नाव, पेठ, महिन्याचा दर, वेळा, खाडा कसा धरतात आणि रविवारी संध्याकाळी चालू असते का. एका मेसचं एक कार्ड.

आधी पावतीपुस्तक

गणपतीच्या आधी मंडळाची पोरं वर्गणीला येतात. हातात पावतीपुस्तक असतं. मंडळाचं नाव, पत्ता, 'अक्षरी रुपये' हे सगळं छापील. तुमचं नाव आणि रक्कम पेनाने. आधीच्या घरची भरलेली पावती घेऊन, तिच्यावर व्हाइटनर फिरवून, झेरॉक्स काढून पुढच्या घरी कुणी देत नाही. स्ट्रिंग कॉपी करून तिच्यातली नावं बदलणारा मात्र नेमकं हेच करत असतो. कंपोनंट म्हणजे कोरं पावतीपुस्तक. काय छापील आणि काय भरायचं, हे एकदाच ठरलेलं.

पावतीपुस्तकाचा आणखी एक गुण आहे, तो सहसा लक्षात येत नाही. भरणाऱ्याने पेनाने काहीही खरडलं तरी छापील मजकूर जागचा हलत नाही. स्ट्रिंगमध्ये तो हलतो. मला हे एका मेसच्या नावाने शिकवलं. मालकीणबाईंनी फॉर्ममध्ये नाव भरलं होतं: आईच्या हातचं "घरगुती" जेवण. मधल्या शब्दाला त्यांनी हौसेने दुहेरी अवतरणचिन्हं दिली होती. 'चौकशी करा' बटणाच्या एका अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मी ते नाव तसंच जोडलं होतं. ब्राउझरने अवतरणचिन्ह दिसताच अ‍ॅट्रिब्यूट संपला असं मानलं आणि महिनाभर त्या मेसची प्रत्येक चौकशी 'आईच्या हातचं' एवढ्याच नावाने गेली. पान तुटलं नव्हतं, कन्सोलमध्ये एक एरर नव्हती. म्हणून तर महिना लागला.

पायरी पहिली: पेन्सिल

कोडला हात लावू नका. ती स्ट्रिंग कन्सोलमध्ये छापा, दोन-तीन वेगवेगळ्या मेससाठी, आणि कागदावर उतरवा. (हसू नका, उतरवा.) तिन्हींत जे सारखं आहे ते तसंच ठेवा, जे बदलतं त्याला गोल करा.

गोल सारखे दिसले तरी त्यांच्या जाती वेगळ्या असतात. मेसचं नाव, पेठ, दर हा टॅगच्या आतला मजकूर. फोटोचा पत्ता, फोनची लिंक हे अ‍ॅट्रिब्यूटमधलं. 'रविवारी संध्याकाळी बंद' ही पट्टी काही कार्डांवर आहे, काहींवर नाहीच, म्हणजे इथे प्रश्न असण्या-नसण्याचा. आणि आजच्या भाज्यांची यादी एका कार्डात दोन ओळींची, दुसऱ्यात पाच, म्हणजे कार्डाच्या पोटात आणखी एक छोटं पावतीपुस्तक. प्रत्येक गोलाशेजारी जात लिहा. पुढचं निम्मं काम इथेच होतं, आणि माझ्या अनुभवात नवी मंडळी नेमकी हीच पायरी गाळतात.

रुपयाच्या चिन्हाचं काय, असा प्रश्न येईल. ते सगळ्या कार्डांवर आहे, म्हणजे छापील. डेटात फक्त आकडा यायला हवा. तुमच्या सर्व्हरकडून '₹३२०० फक्त' असं सगळं एकत्र येत असेल, तर आधी तिकडच्या माणसाशी बोला. पुढे त्या आकड्यावरून यादी लावायची वेळ येईल तेव्हा त्याला धन्यवाद द्याल.

पायरी दुसरी: स्ट्रिंगचं झाड करणं

स्ट्रिंगला मूल नसतं, आई नसते. ती अक्षरांची रांग आहे. तिच्यातून दर काढायला रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना शोधणारं सूत्र) चालवण्याचा मोह होईल. आज जमेलही, आणि उद्या कुणी टॅगमध्ये एक क्लास वाढवला की तुटेल. एचटीएमएल वाचायचं काम ब्राउझरच्या पार्सरचं आहे, ते त्यालाच करू द्या. तो स्ट्रिंग वाचून टॅगांचं झाड बनवतो, आणि झाडातला प्रत्येक तुकडा म्हणजे नोड. त्याच्याकडे ते देण्याच्या तीन वाटा आहेत आणि तिन्हींचे स्वभाव वेगळे.

पहिली इनरएचटीएमएल. १९९७ सालच्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ पासूनची ही जुनी, मळलेली वाट. एक डिव्ह बनवायचा आणि त्यात स्ट्रिंग ओतायची. यातून आत आलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही, म्हणून बरेच जण निर्धास्त होतात. पण स्ट्रिंगमध्ये इमेजचा टॅग असेल, त्याचा पत्ता मुद्दाम चुकीचा असेल आणि ऑनएररमध्ये कोड लिहिलेला असेल, तर तो चालतो. तुम्ही तो डिव्ह पानाला अजून जोडलेलाही नसला तरी चालतो, कारण इमेज आणायला ब्राउझर तिथल्या तिथे धावतो. कन्सोलमध्ये ऑनएररला एक अलर्ट लावून स्वतः करून बघा. वाचून पटत नाही, बघून पटतं.

दुसरी डॉमपार्सर. पार्सफ्रॉमस्ट्रिंगला स्ट्रिंग आणि 'टेक्स्ट/एचटीएमएल' एवढं दिलं की तो पूर्ण वेगळं डॉक्युमेंट परत करतो. ते डॉक्युमेंट निर्जीव असतं: स्क्रिप्ट चालत नाही, ऑनएरर उडत नाही. जुन्या स्ट्रिंगमधून माहिती उपसून काढायला ही वाट उत्तम. पण तिथला नोड उचलून तुमच्या जिवंत पानात लावलात की त्याच्यासोबत आलेलं विषही जिवंत होतं, हे विसरू नका.

तिसरी टेम्प्लेट टॅग. याच्या आतलं एचटीएमएल पार्स होतं पण पानावर दिसत नाही, त्यातल्या इमेज येत नाहीत. ते त्याच्या कंटेंट या प्रॉपर्टीत तुकड्याच्या रूपात, म्हणजे डॉक्युमेंटफ्रॅगमेंट म्हणून पडून राहतं. आपलं कोरं पावतीपुस्तक हेच.

टेम्प्लेटचा एक फायदा टेबलवाल्यांनी ध्यानात ठेवावा. तुमची स्ट्रिंग टेबलची एक ओळ असेल, म्हणजे टीआरपासून सुरू होणारी, तर ती डिव्हमध्ये ओतल्यावर टीआर आणि टीडी दोन्ही टॅग गायब होतात, नुसता मजकूर उरतो. टेबलाबाहेर टीआर असू शकत नाही, हा एचटीएमएलचा नियम पार्सर पाळतो. डॉमपार्सरमध्येही तेच. टेम्प्लेटमध्ये मात्र ओळ शाबूत राहते. या एका गोष्टीपायी मी नवख्या माणसांना तासन्‌तास स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधताना पाहिलं आहे.

पायरी तिसरी: छापणं आणि भरणं

आता कार्डाचं एचटीएमएल पानाच्या फाइलमध्येच टेम्प्लेट टॅगमध्ये ठेवा, सगळे गोल रिकामे सोडून. मजकुराच्या प्रत्येक गोलाला एक अ‍ॅट्रिब्यूट द्या. मी 'डेटा-भर' देतो. त्यातला 'डेटा' आणि मधली रेघ इंग्रजी, 'भर' मराठीच. त्याच्या किंमतीत (व्हॅल्यूमध्ये) नाव, पेठ, दर. हो, एचटीएमएलला हे चालतं, आणि सीएसएसच्या सिलेक्टरने ते शोधताही येतं. टीममध्ये सगळे मराठी नसतील तर इंग्रजी ठेवा, भांडण नको.

मग भरण्याचं फंक्शन. त्याला मेसचा एक ऑब्जेक्ट मिळतो. ते टेम्प्लेटच्या कंटेंटची क्लोननोडने प्रत काढतं, कंसात ट्रू देऊन, म्हणजे आतलं सगळं येतं. प्रतीत 'डेटा-भर' असलेले सगळे एलिमेंट शोधतं आणि प्रत्येकाच्या टेक्स्टकंटेंटमध्ये ऑब्जेक्टमधली त्या नावाची किंमत ठेवतं. सहा-सात ओळींत संपतं. टेक्स्टकंटेंट हा इथला कणा आहे: त्यात काहीही टाका, टॅग, अवतरणचिन्हं, अँपरसँड, ते अक्षरं म्हणूनच दिसतं. मालकीणबाईंची अवतरणचिन्हं आता सुखरूप.

प्रत काढायला विसरलात तर मजा होते. पहिलं कार्ड दिसतं, दुसऱ्यापासून पान कोरं. फ्रॅगमेंट पानात जोडला की त्यातले नोड पानात निघून जातात आणि तो रिकामा होतो. पुस्तकातली कोरी पावतीच फाडून दिलीत, आता पुढच्या घरी काय देणार? आणखी एक: प्रतीचं पहिलं मूल घ्यायला फर्स्टचाइल्ड लिहिलंत तर बहुतेक वेळा नवी ओळ आणि मोकळी जागा हाती लागते. फर्स्टएलिमेंटचाइल्ड लिहा.

अ‍ॅट्रिब्यूटचे गोल सेटअ‍ॅट्रिब्यूटने भरा. त्याने अवतरणचिन्हांचा प्रश्न मिटतो, पण लिंकचा मिटत नाही. मेसच्या वेबसाइटचा पत्ता म्हणून कुणी 'जावास्क्रिप्ट' आणि कोलन (:) यांनी सुरू होणारं काही भरलं, तर क्लिक केल्यावर ते चालतं. म्हणून पत्ता आधी यूआरएल ऑब्जेक्टमध्ये घालून त्याचा प्रोटोकॉल एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसच आहे ना, ते बघा.

रविवारची पट्टी नको असेल तेव्हा प्रतीतून ती सरळ काढून टाका. हिडन अ‍ॅट्रिब्यूट लावायला हरकत नाही, पण त्या पट्टीला तुमच्या सीएसएसमध्ये डिस्प्ले फ्लेक्स असेल तर ते हिडनवर मात करतं आणि पट्टी राहते. टेम्प्लेटमध्ये आयडी मात्र ठेवू नका. तीस प्रती म्हणजे एकाच आयडीचे तीस एलिमेंट, आणि लेबलवर क्लिक करावं तर टिक भलत्याच कार्डावर.

दराचा आकडा मराठीत हवा असेल तर इंटल.नंबरफॉरमॅटला 'एमआर-आयएन' द्या. सव्वा लाख आपोआप १,२५,००० असे येतात, देवनागरी आकड्यांत आणि आपल्या स्वल्पविरामांसह. मेसला सव्वा लाखाची गरज पडू नये अशी आशा.

पायरी चौथी: कार्डाला स्वतःचा टॅग

इथपर्यंत थांबलात तरी काम भागतं, आणि छोट्या पानासाठी मी इथेच थांबतो. पण कार्ड पाच पानांवर लागणार असेल, वेगवेगळी माणसं ते वापरणार असतील, तर कस्टम एलिमेंट करा. क्रोम, सफारी आणि फायरफॉक्स या तिघांतही २०१८ पासून तो आहे, लायब्ररी लागत नाही.

एचटीएमएलएलिमेंट वाढवणारा क्लास लिहायचा आणि कस्टमएलिमेंट्स.डिफाइनने त्याला टॅगचं नाव जोडायचं. नावात मधली रेघ हवीच. पहिलं अक्षर इंग्रजी स्मॉल हवं, त्यामुळे 'मेस-कार्ड' रोमनमध्येच लिहावं लागेल. इथे मराठीचा हट्ट चालत नाही. टॅग वापरताना शेवटी तिरकी रेघ देऊन तो मिटवू नका. एचटीएमएल ती रेघ मानत नाही, टॅग उघडाच राहतो आणि पुढची सगळी कार्डं पहिल्याच्या पोटात जातात.

भरण्याचं काम कन्स्ट्रक्टरमध्ये नको, कनेक्टेडकॉलबॅकमध्ये करा. क्रिएटएलिमेंटने बनवताना कन्स्ट्रक्टरने मुलं जोडलेली ब्राउझरला चालत नाहीत. पण कनेक्टेडकॉलबॅक एकदाच येतो असं समजू नका. एलिमेंट पानात जेव्हा जेव्हा जोडला जातो तेव्हा येतो, आणि यादी 'स्वस्त आधी' अशी लावताना तुम्ही कार्डं उचलून पुन्हा जोडत असता. परिणाम: प्रत्येक कार्डात सगळं दोनदा. आत ओतण्यासाठी अपेंड न वापरता रिप्लेसचिल्ड्रन वापरा, म्हणजे जुनं काढून नवं बसतं.

यादी लावण्यावरून आठवलं. अ‍ॅट्रिब्यूटमधून येणारी किंमत कायम स्ट्रिंग असते. '९००' आणि '३२००' यांची स्ट्रिंग म्हणून तुलना केली तर नऊ तीनपेक्षा मोठा, म्हणून नऊशेवाला महाग ठरतो. नंबरमध्ये बदलून घ्या, किंवा पूर्ण ऑब्जेक्टच प्रॉपर्टी म्हणून द्या. मी ऑब्जेक्ट देतो. दर बदलल्यावर कार्डाने स्वतःहून बदलावं असं वाटत असेल तर ऑब्झर्व्ह्डअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये त्याचं नाव घाला आणि अ‍ॅट्रिब्यूटचेंज्डकॉलबॅकमध्ये भरण्याचं फंक्शन पुन्हा बोलवा.

शॅडो डॉमबद्दल सगळे विचारतात. त्याने कार्डाचं सीएसएस बाहेर जात नाही आणि बाहेरचं आत येत नाही. फॉन्ट, रंग, ओळींतलं अंतर अशा वारशाने येणाऱ्या गोष्टी तेवढ्या झिरपतात. ज्यांचं कार्ड परक्यांच्या पानांवर लागणार आहे त्यांना ते वरदान आहे. तुमचं कार्ड तुमच्याच साइटवर असेल तर पहिल्या कंपोनंटला त्याच्या वाटेला जाऊ नका. बटणाचा ठरलेला रंग आत का लागत नाही, हे शोधण्यात दिवस जातो.

परकी स्ट्रिंग टाळता येत नसेल तर

कधीकधी गोलाच्या आतच एचटीएमएल येतं. मेसवाल्यांनी माहिती भरताना ठळक अक्षरं केली, खाड्याचे नियम यादीत लिहिले. टेक्स्टकंटेंटमध्ये टाकलं तर टॅगच दिसतील. इथे स्ट्रिंग पार्स करावीच लागते, पण आधी धुऊन.

धुण्याचं फंक्शन स्वतः लिहू नका. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये मायस्पेस या सोशल नेटवर्कवर सॅमी कामकार या तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये कोड घुसवला. प्रोफाइल बघणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये तो स्वतःची प्रत करायचा, आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त खात्यांवर पसरला. मायस्पेस धोकादायक शब्द गाळत होतं. त्याने 'जावास्क्रिप्ट' हा शब्द मधेच ओळ तोडून दोन तुकड्यांत लिहिला, चाळणीला तो दिसला नाही, ब्राउझरला दिसला. शब्द शोधून काढण्यावर भरवसा ठेवणाऱ्याचं असं होतं.

डॉमप्युरिफाय ही लायब्ररी आधी झाड बनवते आणि परवानगी असलेलं तेवढंच ठेवते. परवानगी कमीत कमी द्या: परिच्छेद, ठळक, यादी, बस. आणि धुतल्यानंतर त्या स्ट्रिंगमध्ये पुन्हा काही जोडू नका. धुतलेल्या कपड्यांवर भाजीची पिशवी उपडी करण्यासारखं आहे ते.

रिअ‍ॅक्टमध्ये असाल तर याच जागेसाठी डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल आहे. नाव मुद्दाम लांब आणि भीतीदायक ठेवलंय, लिहिताना हात थांबावा म्हणून. ते धूत नाही, तुम्हीच धुऊन द्यायचं. व्ह्यूचं व्ही-एचटीएमएलही धूत नाही. अँग्युलर इनरएचटीएमएलच्या बाइंडिंगमध्ये स्वतः धुतो. आणि कार्डाचं जुनं एचटीएमएल जेएसएक्समध्ये (जावास्क्रिप्टच्या आत एचटीएमएलसारखं लिहिण्याच्या पद्धतीत) आणताना क्लासचं क्लासनेम होतं, लेबलच्या फॉरचं एचटीएमएलफॉर, आणि स्टाइल स्ट्रिंग न राहता ऑब्जेक्ट बनते. पेन्सिलचे गोल तिथे प्रॉप्स, म्हणजे कंपोनंटला बाहेरून दिलेल्या गोष्टी, होतात. कागद तोच.

शेवटी त्रास द्या

चांगल्या डेटावर सगळंच चालतं. म्हणून एक वाईट मेस तयार करा: नावात दुहेरी अवतरणचिन्हं आणि अँपरसँड, दर रिकामा, भाज्यांची यादी शून्य ओळींची, फोटोचा पत्ता चुकीचा आणि नाव इतकं लांब की मोबाइलवर तीन ओळी व्हाव्यात. दर रिकामा असताना '₹' एकटं लटकतंय का बघा. लटकत असेल तर तो गोल मजकुराचा नव्हता, असण्या-नसण्याचा होता, आणि पेन्सिलचा कागद दुरुस्त करावा लागेल. यादी दोन-तीनदा उलटसुलट लावा. माउस बाजूला ठेवून टॅबच्या बटणाने प्रत्येक 'चौकशी करा'पर्यंत पोहोचता येतंय का, तेही.

हे सगळं पार पडलं की जुनं फंक्शन कोण कोण बोलवतंय ते एडिटरमध्ये शोधा, एकेका ठिकाणी नवा टॅग बसवा आणि मग ते फंक्शन, त्याच्या 'टू' नावाच्या भावासकट, पुसून टाका. कमेंट करून ठेवू नका. गिटमध्ये आहे ते.